दुरून समुद्र साजरा : ॲन्ड्र्यू निकलचा अँट्रिम किनारा



मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. चित्रकला शिकवली नाही, आणि हातात कुंचला शेवटचा धरला तो शाळेत. तरीही आज एका चित्रकाराबद्दल बोलणार आहे. तोही असा, की त्याचं नाव तुमच्यापैकी बहुतेकांनी ऐकलेलं नसेल. आयर्लंडच्या उत्तर टोकाला अँट्रिम नावाचा परगणा आहे. तिथला खडकाळ, वादळी किनारा १८२८ साली एका चोवीस वर्षांच्या तरुणानं जलरंगांत रंगवला. एक-दोन नव्हे, तब्बल १०१ चित्रं. त्याचं नाव ॲन्ड्र्यू निकल. ही चित्रं आज बेलफास्टच्या अल्स्टर म्युझियममध्ये आहेत.

आता या वाटेला मी का गेलो, ते आधी सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एम. ए. च्या वर्गात मी सौंदर्यशास्त्र शिकवत होतो. विषय होता एडमंड बर्क आणि त्याची ‘उदात्त’ ही कल्पना. खवळलेला समुद्र, कडा, वादळ यांच्या दर्शनानं माणसाला भयमिश्रित आनंद कसा होतो, हे मी रंगवून सांगत होतो. तास संपताना मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. कोकणातली, कोळ्याच्या घरातली. म्हणाली, “सर, माझे बाबा पण खवळलेल्या समुद्राला भितात. पण त्यांना त्याचा आनंद काही होत नाही. मग त्यांचा समुद्र उदात्त नाही का?”

मी काहीतरी उत्तर दिलं. मास्तर लोक देतातच. पण ते उत्तर खरं नव्हतं, हे मला तेव्हाच कळलं होतं. निवृत्तीनंतर निकलची चित्रं पाहू लागलो, त्याच्या काळाबद्दल वाचू लागलो, तेव्हा तो प्रश्न पुन्हा समोर आला. आजचं व्याख्यान म्हणजे त्या मुलीला फार उशिरा दिलेलं उत्तर आहे असं समजा.

आधी बर्क काय म्हणतो ते पाहू. बर्क मूळचा डब्लिनचा. उदात्त आणि सुंदर यांवरचा त्याचा ग्रंथ १७५७ साली आला. त्याआधी सौंदर्याची चर्चा व्हायची ती प्रमाणबद्धता, सुसंगती यांची. बर्क म्हणाला, थांबा, आणखी एक अनुभव आहे, आणि तो सौंदर्याहून जास्त जोरकस आहे. त्याचं मूळ भयात आहे. अंधार, प्रचंड आकार, गर्जना, अथांगपणा यांत आपल्या जिवाला धोका असल्याची जाणीव असते. मग आनंद कशाचा? तर त्यानं एक अट घातली. धोका अंगाशी आला तर ते नुसतं भय, त्यात आनंद नाही. पण धोका काही अंतरावर असेल, आणि आपण सुरक्षित आहोत हे ठाऊक असेल, तर त्याच भयाचं रूपांतर एका विशिष्ट आल्हादात होतं.

अंतर. हा शब्द लक्षात ठेवा. आपल्याकडे आजीबाईंनी हे तीन शब्दांत सांगून टाकलंय : दुरून डोंगर साजरे. आपण ही म्हण भ्रमनिरास सांगायला वापरतो, बर्कनं त्याच निरीक्षणावर सिद्धान्त उभारला, एवढाच फरक.

आणि हे त्याला पुस्तकांतून सुचलं असं नाही. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात शिकत असताना त्यानं लिफी नदीचा पूर पाहिला. पाणी घरात शिरत होतं, आणि हा पोरगा मित्राला पत्र लिहीत होता की निसर्गाचं असं थोर आणि भयंकर रूप पाहून मन कसं भरून येतं. ग्रंथ पुढे दहा-अकरा वर्षांनी आला, पण बी तिथं आहे. म्हणजे खवळलेल्या पाण्याकडे पाहण्याची ही दृष्टी तयार झाली ती आयर्लंडमध्ये.

आता किनाऱ्याकडे येऊ. अँट्रिमचा हा किनारा बराचसा काळ्या बेसॉल्ट खडकाचा. त्यातला सगळ्यांत प्रसिद्ध भाग जायंट्स कॉजवे. तिथे सुमारे ४०,००० खांब एकमेकांना खेटून समुद्रात उतरत जातात. बहुतेक षट्कोनी, जणू फरसबंदीच केली आहे. लोककथा सांगते, फिन मॅक्कूल नावाच्या राक्षसी ताकदीच्या वीरानं स्कॉटलंडला जायला हा रस्ता बांधला. प्रत्यक्षात सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हारस थंड होताना आकसला, तडकला आणि त्याचे खांब झाले. हे तुम्हाला परकं वाटायचं कारण नाही. आपला सह्याद्री याच जातीच्या खडकाचा आहे. तो उद्रेक वेगळा, काळ थोडा आधीचा, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, पण खडक बेसॉल्टच. मुंबईत अंधेरीला गिल्बर्ट हिल आहे. चारी बाजूंनी इमारतींनी वेढलेली. तिचे उभे खांब एकदा नीट बघा, म्हणजे निकल काय रंगवत होता ते चटकन कळेल.

या किनाऱ्याची चित्रं काढणारा निकल पहिला नव्हता. त्याच्याआधी सुझाना ड्रुरी या डब्लिनच्या बाईंनी कॉजवेची चित्रं काढली, आणि १७४० साली त्यांना डब्लिन सोसायटीचं बक्षीस मिळालं. त्या चित्रांवरून केलेले छाप युरोपभर गेले. फ्रान्समध्ये निकोला देमारे यांनी ते पाहिले, आपल्याकडच्या ज्वालामुखी प्रदेशातल्या खडकांशी ताडून पाहिले, आणि हे खांब लाव्ह्याचे आहेत असं म्हटलं. एका चित्रानं भूशास्त्राला पुरावा दिला! तेव्हा निसर्गचित्र म्हणजे भिंतीवरची शोभा, असं समजून चालू नका. ते काहीतरी सांगत असतं, आणि काहीतरी सांगायचं राहूनही जात असतं.

हा निकल कोण? जन्म १८०४, बेलफास्टचा. बाप बूट बनवणारा. मुलगा छापखान्यात उमेदवारीला लागला, आणि ‘नॉर्दर्न व्हिग’ या वृत्तपत्रासाठी खिळे जुळवू लागला. जमीनदार नव्हे, फुरसतीचा प्रवासी नव्हे. दिवसभर शिशाचे खिळे हाताळणारा कामगार. त्याला पाठीराखा मिळाला जेम्स इमर्सन, जो पुढे सर जेम्स इमर्सन टेनंट म्हणून ओळखला गेला. तोही १८०४ चाच, तोही बेलफास्टचा, पण पैसेवाल्या घरचा. पुढे तो खासदार झाला, मोठा अधिकारी झाला. या दोघांची गाठ आपल्याला पुढे पुन्हा लागणार आहे.

१८२८ हे साल महत्त्वाचं आहे, कारण तेव्हा या किनाऱ्याला नीट रस्ता नव्हता. डोंगरांतून उतरणाऱ्या दऱ्या समुद्राला मिळतात, आणि एका दरीतून दुसरीत जायचं तर चढउताराच्या अवघड वाटा. काही ठिकाणी इथल्या माणसांना बेलफास्टपेक्षा स्कॉटलंड जवळ. समुद्र शांत असेल तर वीसेक किलोमीटरवर समोर दिसतं. पुढे १८३२ ते १८४२ या काळात विल्यम बॉल्ड या स्कॉटिश अभियंत्यानं कडे सुरुंगांनी फोडून, अगदी पाण्याच्या काठानं, लार्नपासून कुशेंडॉलपर्यंत सुमारे २५ मैलांचा रस्ता केला. रस्ता झाला तो दऱ्यांतल्या लोकांची कोंडी फुटावी म्हणून. पण रस्त्यावरून नुसती धान्याची गाडी जात नाही, पाहुण्यांची बग्गीही जाते. बग्गीच्या खिडकीतून जो समुद्र दिसतो तो बर्कचा समुद्र. सुरक्षित अंतरावरचा. म्हणजे ‘रौद्र निसर्ग’ पाहायचा तर आधी सुरुंग लावून सपाट रस्ता करावा लागतो. गंमत आहे की नाही?

आणि अंतर सुटलं की काय होतं, त्याचाही दाखला आहे. थॅकरे ही कादंबरीकार मंडळींतली बडी असामी. कलकत्त्यात जन्मलेला. तो १८४२ मध्ये आयर्लंड फिरला आणि पुढच्या वर्षी त्याचं प्रवासवर्णन आलं. कॉजवेला पोचल्या पोचल्या तिथल्या वाटाड्यांनी त्याला गराडा घातला आणि जवळजवळ उचलूनच होडीत बसवलं. समुद्र उसळत होता. थॅकरेसाहेबांचं सगळं काव्य तिथं आटलं! कधी एकदा जमिनीला पाय लागतो असं झालं. त्यानं ते मोठ्या विनोदानं लिहिलंय, स्वतःला हसत. आता त्याच होडीत वल्हं मारणारी माणसं पाहा. लाट तीच, धोका तोच. थॅकरेसाठी ते भय होतं, काठावर आल्यावर किस्सा झाला. वल्ह्यावाल्यासाठी ती रोजची मजुरी होती. त्यानं काठावर येऊन ग्रंथ लिहिला नाही. तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

आणखी एक जागा सांगतो, कॅरिक-अ-रीड. किनारा आणि एक छोटं खडकाळ बेट यांच्यामध्ये खोल फट, खाली पाणी फेसाळतंय, आणि वर जवळजवळ शंभर फुटांवर दोरांचा झुलता पूल. अशी जागा चित्रकार सोडतील कशी? निकलनंही ती रंगवली. पण पूल चित्रासाठी नव्हता. अठराव्या शतकापासून सॅमन पकडणारे कोळी दर हंगामात तो बांधत आणि हंगाम सरला की काढून ठेवत. सॅमनचे थवे त्या बेटाला वळसा घालून जात, तिथं जाळं लावायचं तर पलीकडे पोचायलाच हवं. धरायला एका बाजूला एकच दोर, आणि खांद्यावर ओझं. पाहुणा म्हणतो, काय भयंकर, काय उदात्त! कोळी म्हणतो, सरका जरा, मासे न्यायचेत.

तसंच किनाऱ्यावरच्या धुराचं. लोक समुद्री शेवाळ गोळा करून वाळवत, खाचरांत जाळत, आणि त्याची राख विकत. साबण, काच, आणि अल्स्टरचं प्रसिद्ध लिनन कापड पांढरं करणं, या सगळ्याला ती लागे. पुढे आयोडीनसाठीही लागू लागली. थंड पाण्यात कमरेपर्यंत उभं राहून शेवाळ ओढायचं. ज्या किनाऱ्याला आपण ‘निर्जन’, ‘रानटी’ म्हणतो, तो एका अर्थी उघड्यावरचा कारखाना होता.

मग ‘रौद्र’ हा गुण किनाऱ्याचा की पाहणाऱ्याचा? तत्त्वज्ञानाच्या वर्गात आपण म्हणतो, दोघांच्या संबंधाचा. पण त्या संबंधाला पैसा, रस्ता, पोट हेही चिकटलेलं असतं, ते आम्ही वर्गात सांगत नाही.

आता म्हणाल, म्हणजे निकलनं फसवलं? नाही. इथं मला थोडं सावकाश बोलायचंय.

निकलची खरी ओळख ज्या चित्रांनी झाली ती थोडी विचित्र आहेत. पाहणारा जणू बांधावर पोटावर झोपला आहे. डोळ्यांसमोर, अगदी नाकाशी, रानफुलं : तांबड्या पॉपी, पांढऱ्या डेझी, गवताची पाती, काटेरी झुडपं. ती चित्रात एवढी मोठी, की मागचं गाव नाहीतर डोंगर चिमुकला होऊन त्यांच्या फटीतून दिसतो. डेरी शहराचं असं एक चित्र आहे, विकलो परगण्यातल्या ब्रे गावाचं आहे. तंत्रही पाहण्यासारखं. जलरंगात पांढरा रंग लावायचा नसतो, कागदच पांढरा राखायचा. निकल आधी रंग लावी, आणि मग धारदार टोकानं तो खरवडून खालचा कागद उघडा करी. देठ, पाकळीची कड, लाटेचा फेस, सगळं खरवडून काढलेलं. छापखान्यात बारीक खिळे जुळवणाऱ्या हाताचं काम वाटतं ते.

बर्कच्या नजरेनं पाहिलं तर हे उलटंच झालं. बर्क म्हणतो मोठं पाहा, दूरचं पाहा, दबून जा. निकल म्हणतो, आधी हे जवळचं गवताचं पातं पाहा, मोठं ते मागे राहू दे. दुरून साजरं दिसणाऱ्या डोंगराला त्यानं खरोखरच दूर ठेवलं, आणि जवळच्या पात्याला त्याचा मान दिला. त्या कोळ्याच्या मुलीला मला तेव्हा हे दाखवता आलं असतं तर बरं झालं असतं.

पण गोष्ट इथं संपत नाही. संपली असती तर मी आज एवढा वेळ घेतला नसता.

१८४५ साली आयर्लंडमध्ये बटाट्यावर करपा पडला. शेतकरी मंडळींना हा शब्द समजावून सांगायला नको. आधी पानावर काळपट डाग, मग पान काळं, मग जमिनीखालचा बटाटा सडून चिखल. १८४६ मध्ये जवळजवळ सगळं पीक गेलं. गरीब माणूस तीन वेळा बटाटाच खाणारा, धान्य पिकवी ते खंड भरायला. त्यामुळे देशातून धान्य बाहेर जात होतं आणि माणसं उपाशी मरत होती. सुमारे दहा लाख लोक मेले, आणखी दहा लाखांहून अधिक देश सोडून गेले. १८४१ च्या जनगणनेत लोकसंख्या ८२ लाखांच्या जवळ होती, १८५१ मध्ये ती साडेपासष्ट लाखांवर आली. सगळ्यांत भयंकर हाल पश्चिम किनाऱ्यावर झाले, म्हणजे नेमके ज्या किनाऱ्याचं ‘रौद्र सौंदर्य’ प्रवासी वाखाणत होते तिथं. अल्स्टरला तुलनेनं कमी झळ लागली, तरी १८४७ मध्ये बेलफास्ट तापाच्या साथीनं भरलं होतं.

गवताचं प्रत्येक पातं खरवडून काढणारा निकल तेव्हा कुठं होता? १८४६ मध्ये तो सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेत गेला. टेनंट तिथं वसाहतीचा सचिव झाला होता, आणि निकलला कोलंबोच्या अकॅडमीत चित्रकला शिकवायची नोकरी मिळाली. १८४८ मध्ये टेनंटच्या दौऱ्यात त्यानं तिथल्या अरण्यांतले पडके विहार, दागोबा, मूर्ती रंगवल्या, आणि १८५२ मध्ये त्या पाच आठवड्यांवर डब्लिनच्या एका मासिकात लेख लिहिला. त्याच १८४८ मध्ये नव्या करांविरुद्ध कँडी भागात उठाव झाला. लष्करी कायदा पुकारला गेला, माणसं मारली गेली, आणि पुढे लंडनच्या संसदेत त्याची चौकशी झाली. म्हणजे घरचा दुष्काळ मागे टाकून गेलेला हा माणूस दुसऱ्या एका दुखऱ्या जागी सुंदर अवशेष रंगवत होता.

मला त्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायचं नाही. बूटवाल्याचा मुलगा, हाताला काम मिळालं तिथं गेला. आपल्या घराघरांतून माणसं अशीच गेली आहेत. आणि जे आयर्लंडमध्येच राहिले, त्या चित्रकारांपैकी तरी कितींनी तो दुष्काळ रंगवला? फार थोड्यांनी. मोठी तैलचित्रं विकत घेणारा वर्ग आणि खंड वसूल करणारा वर्ग बराचसा एकच होता. काळं पडलेलं बटाट्याचं शेत दिवाणखान्यात कोण लावणार? दुष्काळाची जी चित्रं आपल्याला ठाऊक आहेत ती मुख्यतः सचित्र वृत्तपत्रांत आलेली, घाईनं कोरलेली. ज्यानं आयुष्य खिळे जुळवत सुरू केलं, त्याच्या जुन्या धंद्यानं ते काम केलं. जलरंगांनी नाही.

आता बर्ककडे शेवटचं परत येतो, कारण त्याच्यावर अन्याय व्हायला नको. अंतराचा हा तत्त्वज्ञ पुढे राजकारणात गेला. आणि १७८८ मध्ये वॉरन हेस्टिंग्जवर जो खटला चालला, त्यात फिर्यादीच्या बाजूनं सगळ्यांत मोठा आवाज बर्कचा होता. बंगालमध्ये, अवधमध्ये कंपनीच्या अधिकाऱ्यांनी जे केलं ते ‘तिकडं असंच चालतं’ म्हणून सोडून देता येणार नाही, नीती काही नकाशाप्रमाणे बदलत नाही, हा त्याचा युक्तिवाद. सात वर्षं खटला चालला, १७९५ मध्ये हेस्टिंग्ज निर्दोष सुटला. पण बर्क काय करत होता बघा. ज्यांनी हिंदुस्थान कधी पाहिला नाही अशा लोकांना तो सांगत होता, या दूरच्या माणसांचं दुःख जवळ आणून पाहा. हेच अंतर तरुणपणी त्याला आल्हादाची अट वाटलं होतं. उतारवयात तेच अंतर अन्यायाचं पांघरूण आहे हे त्याला दिसलं. हे दोन बर्क एकमेकांशी कधी बोलले का, माहीत नाही. पण आपण त्यांना बोलतं करू शकतो.

तर त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर. तिच्या बाबांचा समुद्र उदात्त नाही का? मला आज असं वाटतं की उदात्त हा समुद्राचा गुण नव्हताच. ती काठावर उभं राहायला मिळालेल्या माणसाची सवलत होती. सवलत आहे म्हणून ती खोटी ठरत नाही. निकलच्या किनाऱ्यासमोर मला आजही आनंद होतो, आणि तो मी सोडणार नाही. पण सवलत घेणाऱ्यानं एवढं तरी विचारावं, की या चित्रात शेवाळ ओढणारी बाई कुठं आहे? दोरावरून मासे नेणारा कुठं आहे? आणि चित्र काढलं त्यानंतर वीस वर्षांनी या दरीतल्या किती चुली पेटत होत्या?

ती मुलगी आता पन्नाशीच्या पुढं असेल. हे व्याख्यान कुठं तिच्या कानावर पडलं, तर तिनं मला सांगावं, उत्तर पटलं का. नसेल पटलं तर तसंही सांगावं. मागच्या बाकावरून उठायची तिला सवय आहे.

आता तुमचे प्रश्न असतील तर घेऊ या.